काहीच जोडलेलं नसताना

"मॅडम, याला काहीच जोडलेलं नाहीये. मग हे रीडिंग कशाचं येतंय?"

लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं. अतिसूक्ष्म करंट मोजणाऱ्या इलेक्ट्रोमीटरच्या इनपुटवर धातूचं टोपण घट्ट फिरवून बसवलेलं होतं. केबल नाही, सॅम्पल नाही. तरी पडद्यावरचे आकडे स्वस्थ नव्हते: उणे तीन फेम्टोअँपिअर, अधिक एक, उणे पाच, परत उणे दोन. मी उभ्याउभ्या तिला दोन वाक्यांत काय ते सांगितलं, तिने मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. पण तो 'कशाचं' माझ्या मागे लागला. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मी मनातल्या मनात तिला पुन्हा उत्तर देत होते आणि ते उत्तर काही संपत नव्हतं. अतिसूक्ष्म करंट मोजणाऱ्या माणसाचं निम्म्याहून जास्त आयुष्य याच एका प्रश्नात जातं. मोजायची वस्तू जोडल्यानंतरचं काम त्या मानाने थोडकं असतं.

करंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अँपिअर येतो, फोन चार्ज होताना वाहतो तसा एक-दोन अँपिअर. एका अँपिअरमध्ये दर सेकंदाला तारेतून पुढे सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या म्हणजे सहावर अठरा शून्यं. एवढ्या गर्दीत एकेकट्या इलेक्ट्रॉनचा विचारही मनात येत नाही. पिकोअँपिअरला ही संख्या सेकंदाला साधारण बासष्ट लाखांवर येते, आणि त्याच्याही हजाराव्या भागाला, म्हणजे एका फेम्टोअँपिअरला, सेकंदाला सुमारे ६,२४०. आणखी हजारपट खाली गेलं की ॲटोअँपिअर, सेकंदाला फक्त सहा इलेक्ट्रॉन. या टोकाला पोचल्यावर करंट 'वाहतो' म्हणताना मी अजूनही क्षणभर थांबते. इथे इलेक्ट्रॉन सुटे सुटे येतात, आणि त्यांच्या येण्याची नोंद ठेवायची तर आजूबाजूचं बाकी सगळं आधी गप्प करावं लागतं.

ते गप्प होत नाही, हीच तर अडचण. या मापाच्या करंटपाशी बसलं की खोलीतली एकेक गोष्ट मीटरला दिसायला लागते. फरशीवरून चालत आलेल्या माणसाच्या अंगावर हजारभर व्होल्टचा स्थिर भार सहज असतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण झटका जाणवायला त्याहून जास्त व्होल्ट लागतात. असा हात उघड्या तारेच्या दिशेने पुढे आला की हात आणि तार यांच्यामधली कॅपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, बदलते. हा बदल सेकंदाला एक फेम्टोफॅरड, म्हणजे जवळपास नसल्यातच जमा, असा धरला तरी हजार व्होल्टशी गुणाकार करून एक पिकोअँपिअर होतो. हात तारेला लागलेला नाही, मध्ये नुसती हवा आहे, आणि तरी आपण शोधत असलेल्या फेम्टोअँपिअरच्या हजारपट करंट तारेत येऊन गेलासुद्धा. म्हणून सगळी मांडणी धातूच्या डब्यात बंद करायची, डबा ग्राउंडला जोडायचा, आणि झाकणाला फट राहिली नाही ना हे बोट फिरवून बघायचं.

माझे गाइड चार्ट रेकॉर्डरच्या काळातले होते. सरकत्या कागदावर शाईची बारीक रेघ उमटत जायची आणि पेनाचा अगदी हलका, कागदावर नख ओढल्यासारखा आवाज खोलीत भरून असायचा. डब्याचं झाकण काढून काही जुळवाजुळव चाललेली असली की सर दाराकडे पाठ करून बसत, नजर रेघेवर. रेघ एकदम उसळली की मान न वळवता विचारत, "कोण आलं?" आम्ही दारातच थबकायचो. सुरुवातीला याची गंमत वाटायची, मग थोडं दडपण, आणि कधीतरी त्याची सवय होऊन गेली. आपण नुसतं उठून उभं राहिलो तरी कुठेतरी त्याची नोंद होते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणसाच्या हालचाली बदलतात. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. टेबलाला टेकायचं नाही. नायलॉनचा स्वेटर बाहेरच काढून ठेवायचा. मीटरसमोर बसलं की मी आजही हात मांडीवर ठेवते. तिथे कुणी सांगायला नसतं, तरीही.

केबलची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. कोॲक्शियल केबलमध्ये मधोमध तार, तिच्याभोवती प्लास्टिकचा इन्सुलेटर आणि त्याच्यावर विणलेली तांब्याची जाळी. केबल जरा वाकवली की जाळी इन्सुलेटरवर किंचित घासते. घासण्याने भार सुटा होतो आणि त्याचे पडसाद मधल्या तारेतून थेट मीटरमध्ये पोचतात. सिग्नल घेऊन येणारी तारच स्वतःचा करंट तयार करत असते. यावर उपाय म्हणून लो-नॉइज, म्हणजे असा नको असलेला सिग्नल कमी करणाऱ्या, केबलमध्ये इन्सुलेटर आणि जाळी यांच्यामध्ये ग्रॅफाइटचा पातळ थर देतात. घर्षण कमी होतं आणि जो काही भार सुटतो तो जागच्या जागी जिरतो. ही केबल सोलताना बोटं काळी होतात. टोकाजवळचा काळा थर मात्र अगदी निपटून पुसावा लागतो, कारण तो जाळीपासून मधल्या तारेपर्यंत पसरला तर त्याच्याच अंगावरून करंट गळायला लागतो. एवढं करूनही केबल टेबलावर चिकटपट्टीने ठिकठिकाणी बसवून टाकायचीच. शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर सुरू झाला की टेबल किती कापतं हे हाताला कळत नाही, लोंबत्या केबलला बरोबर कळतं.

आणि मग बोटं. टेफ्लॉनचा स्वच्छ तुकडा इतका चांगला इन्सुलेटर असतो की त्यातून किती करंट गळतो हे मोजणं हाच एक स्वतंत्र प्रयोग होईल. त्याच्यावर एकदा बोट टेकलं की घामातलं मीठ आणि त्वचेचं तेल यांचा न दिसणारा थर बसतो. हवा कोरडी असेपर्यंत तो निपचित असतो. हवेत दमटपणा आला की मीठ पाणी धरतं आणि पृष्ठभागावरून करंटला वाट मिळते. त्या वाटेचा रोध एक टेराओहम, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके ओहम, असला तरी दहा व्होल्टला त्यातून दहा पिकोअँपिअर जातात. एका बोटाच्या ठशातून! म्हणून चिमट्याने उचलायचं, हातमोजे घालायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं. तो वास आता माझ्यासाठी कामाला सुरुवात झाल्याचा वास आहे: झोंबरा, थोडा गोडसर, आणि मोज्याच्या आतून बोटांना जाणवणारा गारवा. धुतल्यावर लगेच मोजायला बसायचं नाही. पृष्ठभाग पुरता कोरडा व्हायला वेळ द्यायचा. घाईने मोजणाऱ्याला तो सुकत असतानाचाच करंट मिळतो, आणि तो हळूहळू उतरत जातो म्हणून मोठा अर्थपूर्ण वाटतो. मोठ्या आशेने काढलेले असे काही आलेख माझ्या जुन्या वह्यांत आहेत. त्यांना आलेख म्हणून खोट काढायला जागा नाही, फक्त त्यांच्यात अल्कोहोलखेरीज काही नाही.

इतकं सगळं करूनही इन्सुलेटर थोडा तरी गळणारच. यावर जो उपाय शोधून काढला गेला आहे त्याचं कौतुक मला इतक्या वर्षांनीही वाटतं. गळतीशी झगडायचंच नाही, गळायचं कारणच काढून घ्यायचं. मधल्या तारेभोवती आणखी एक जाळी ठेवायची आणि तिचा व्होल्टेज एका ॲम्प्लिफायरने सतत मधल्या तारेच्या व्होल्टेजइतकाच ठेवायचा. याला गार्ड म्हणतात, आणि अशा तीन पदरी केबलला ट्रायॲक्स. दोन हौदांमधली भिंत कितीही झिरपणारी असो, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी असेल तर पाणी कुठे जाणार? तसंच हे. बाहेरच्या ग्राउंडकडे जे काही गळायचं ते गार्डमधून गळतं, आणि तो करंट मोजला जात नाही. आतली तार निवांत राहते. सर्किट बोर्डावरही इनपुटच्या पायाभोवती तांब्याचं कडं काढून त्याला हेच पहारेकरी काम देतात. कधी त्याहून सोपं करतात: तो पाय बोर्डात घालतच नाहीत, वर वाकवून तार हवेतून नेतात. सोल्डरचा तो तरंगता सांधा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम वाटलं होतं. आता तसा सांधा दिसला की मांडणी करणारा जाणता आहे एवढं नक्की कळतं.

एवढी तयारी झाली की पुढचं काम एकच असतं, बसून राहणं.

शंभर गिगाओहमचा रोध आणि दहा पिकोफॅरडची कॅपॅसिटन्स एकत्र आली की त्यांचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रीडिंग स्थिरावण्याच्या वेळेचं माप, एक सेकंद होतो. रोध टेराओहम आणि कॅपॅसिटन्स शंभर पिकोफॅरड झाली की तोच शंभर सेकंद. रीडिंग एका टक्क्याच्या आत स्थिरावायला असे साधारण पाच टाइम कॉन्स्टंट द्यावे लागतात, म्हणजे एका बिंदूसाठी आठ मिनिटांच्या वर. शिवाय इन्सुलेटरला स्वतःची स्मरणशक्ती असते. त्याच्यावर मघाशी दिलेला व्होल्टेज काढून घेतला तरी आत अडकलेला भार पुढे कितीतरी वेळ थेंबाथेंबाने सुटत राहतो. त्यामुळे ही मापनं बहुतेक रात्री होतात. दिवसभराची ये-जा थांबलेली, लिफ्ट बंद, दिव्यांची घरघर नाही. इलेक्ट्रोमीटरने रेंज बदलली की आतला रिले 'टक्' करतो तेवढाच आवाज. या रात्री मला आवडतात असं मी लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण त्यात एक कंटाळाही असतो, घट्ट, न हलणारा. आकडा उतरतोय का थांबलाय हे पहाटे तीनला ठरवताना थांबलाय असं मानायची फार इच्छा होते.

त्या इच्छेला हाताशी एक बटन असतं: फिल्टर. याबद्दल माझी मतं कडक आहेत. विजेच्या लाइनमधून येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा नॉइज कितीही झाकाझाकी केली तरी थोडा आत शिरतोच. मग मीटर नेमक्या एका आवर्तनापुरतं, म्हणजे २० किंवा सुमारे १६.७ मिलिसेकंद, रीडिंग साठवतो. त्या वेळात लाइनचा अधिक आणि उणे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. हे फार सुंदर आहे, कारण इथे शत्रूची नेमकी ओळख पटलेली असते. पण ओळख पटवण्याआधीच लांबलचक सरासरी लावून आकडा शांत करणं मला बघवत नाही. पडद्यावरचा आकडा ठाम दिसतो आणि आपला त्याच्यावर विश्वास बसतो. हात जवळ नेल्याची उसळी, केबल हलल्याचा धक्का, गळती, सगळं त्यात कालवलेलं असतं आणि कशाचाच चेहरा राहत नाही. मी मुलांना सांगते, पहिले काही दिवस फिल्टर बंद ठेवा आणि रेघ जशी उड्या मारते तशी बघा. शिवाय सरासरीला किंमतही मोठी पडते. नॉइज एकदशांश करायचा तर वेळ शंभरपट लागतो. एका सेकंदाचे शंभर सेकंद, शंभराचे दहा हजार, म्हणजे पावणेतीन तासांच्या वर. तोवर खोलीचं तापमान बदलतं, शून्य सरकतं, आणि जास्त वेळ मोजून जास्त चुकीचं उत्तर मिळायला लागतं.

हे सगळे बाहेरून आलेले त्रास. कष्ट घेतले तर कमी होतात. त्यांच्या खाली आणखी एक थर आहे आणि तिथे कष्टांचा उपयोग थांबतो. १९२८ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की कुठलाही रोध, त्याला बॅटरी जोडलेली नसतानाही, स्वतःच्या टोकांवर व्होल्टेजची न थांबणारी खरखर दाखवतो. ती त्याच्या पदार्थावर अवलंबून नसते, फक्त रोध किती आणि तापमान किती यावर ठरते. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. म्हणजे ही खरखर उष्णतेची आहे. वस्तू गरम आहे, तिच्यातले इलेक्ट्रॉन हलताहेत, इतकंच. त्यातून जॉन्सन यांनी बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमतसुद्धा काढली. एका गिगाओहमच्या रोधातून खोलीच्या तापमानाला, एका हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये (वारंवारतेच्या पट्ट्यात), सुमारे चार फेम्टोअँपिअर करंट-नॉइज येतो. रोध शंभर गिगाओहम केला तर तोच ०.४ वर उतरतो. रोध जितका मोठा तितका करंटचा नॉइज लहान. नव्या मुलांना हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. आणि थंड करून फारसं हाती लागत नाही. सगळं द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला नेऊन बुडवलं तरी नॉइज फक्त निम्मा होतो, कारण तापमानाचं वर्गमूळ आडवं येतं.

हे गणित माझ्या मनात पक्कं बसलं ते मात्र एका जीवशास्त्रातल्या प्रयोगामुळे. पेशीच्या आवरणात आयनांच्या, म्हणजे भारित अणूंच्या, ये-जा करण्यासाठी सूक्ष्म चॅनल असतात. त्यातला एकेकटा चॅनल उघडला की काही पिकोअँपिअर करंट वाहतो. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी तो १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवला. काही मायक्रॉन तोंडाची काचेची नळी आवरणावर अलगद टेकवायची आणि आतला करंट बघायचा. पण काच आणि आवरण यांच्यामध्ये राहिलेल्या फटीचा रोध काही कोटी ओहमच होता. या रोधातून गळतीही व्हायची आणि वरचा उष्णतेचा नॉइजही यायचा, त्यामुळे छोटे सिग्नल त्यात बुडून जायचे. १९८० च्या सुमारास लक्षात आलं की नळी अगदी ताजी आणि स्वच्छ असेल आणि आतून हलकीशी ओढ दिली, तर आवरण काचेला असं चिकटतं की रोध एकदम दहा गिगाओहमच्या पुढे जातो. नॉइज झटक्यात खाली. कुठलाही नवा ॲम्प्लिफायर नाही, स्वच्छ काच आणि हलका श्वास. त्या रेकॉर्डिंगमधली रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ बघत राहिले होते. सपाट रेघ, अचानक काटकोनात खाली, थोडा वेळ तिथेच, पुन्हा काटकोनात वर. एक प्रथिन-रेणू उघडला, मिटला. दोघांना १९९१ चं नोबेल मिळालं.

उष्णतेच्याही खाली शेवटचा थर आहे तो इलेक्ट्रॉनांच्या सुटेपणाचा. १९१८ मध्ये वॉल्टर शॉटकी यांनी तो दाखवून दिला. इलेक्ट्रॉन एकमेकांना न विचारता आपापल्या वेळी येत असतील, तर एका फेम्टोअँपिअरला सेकंदाला ६,२४० ही फक्त सरासरी. प्रत्यक्षात कुठल्या सेकंदात त्यात ७९ ची वाढ, कुठल्या सेकंदात तितकीच घट. सव्वा टक्क्याची ही डळमळ मीटरची नव्हे. ती खुद्द करंटची आहे. तिला नॉइज म्हणायचं खरं तर माझ्या जिवावर येतं.

आणि काही वेळा नॉइज दुसऱ्याच कशाची तरी खबर घेऊन आलेला असतो.

मारी क्यूरींनी १८९८ मध्ये जे केलं ते पिकोअँपिअरचं मापनच होतं. आठ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, मध्ये तीन सेंटिमीटर अंतर, शंभर व्होल्ट, आणि खालच्या चकतीवर युरेनियमच्या संयुगाची पूड. हवेतून वाहणारा करंट दहा-वीस पिकोअँपिअरच्या घरातला. जागा थंड आणि दमट, म्हणजे इलेक्ट्रोमीटरसाठी वाईटच. पण मापनाची रीत पाहा. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगून तिच्यावर उलट्या जातीचा भार तयार करायचा, आणि पूड जितका भार आणते तितकाच क्वार्ट्झने रद्द होईल अशा बेताने, हाताने, वजनाचा ताण वाढवत न्यायचा. भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका शून्यावरून हलू द्यायचा नाही आणि किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. क्वार्ट्झचा हा गुण मारींचे पती पिएर आणि त्यांचे भाऊ झाक क्यूरी यांनीच शोधलेला. डोळा ठिपक्यावर, एक हात वजनावर, एक हात स्टॉपवॉचवर. या पद्धतीने पिचब्लेंड नावाचं खनिज शुद्ध युरेनियमपेक्षा कितीतरी जास्त करंट देतंय असं दिसलं. चूक आहे म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट होती. क्यूरींचा आपल्या शून्यावर भरवसा होता, म्हणून त्यांनी ती सोडली नाही. त्यातून पोलोनियम आणि रेडियम निघालं.

दुसरी गोष्ट तर थेट त्या मुलीच्या प्रश्नाचीच. भारित इलेक्ट्रोस्कोप (भार ओळखणारं उपकरण) कितीही चांगला इन्सुलेट केला तरी हळूहळू रिकामा होतो हे कूलोंबने १७८५ मध्येच नोंदवलं होतं. पुढे शतकभर बोट इन्सुलेटरकडे जात राहिलं. तेही स्वाभाविक आहे, आम्ही आजही आधी तिकडेच बघतो. १९०१ मध्ये सी. टी. आर. विल्सन यांना वाटलं, हवेचं आयनीभवन करणारं, म्हणजे तिच्या रेणूंना भारित करून तिच्यातून भार गळू देणारं, काहीतरी कदाचित वातावरणाबाहेरून येत असेल. ते उपकरण घेऊन रात्री स्कॉटलंडमधल्या रेल्वेच्या बोगद्यात गेले. वर एवढा डोंगर असूनही गळती कमी झाली नाही, आणि त्यांनी ती कल्पना सोडून दिली. बोगद्यातल्या खडकांचा स्वतःचा किरणोत्सार मध्ये होता. १९१० मध्ये थिओडोर वुल्फ यांनी आपलं इलेक्ट्रोमीटर आयफेल टॉवरवर नेलं. जमिनीपासून तेवढ्या उंचीवर किरणोत्सार जितका घटायला हवा तितका घटला नाही. मग ७ ऑगस्ट १९१२ ला व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेले, सूक्ष्मदर्शकातून इलेक्ट्रोमीटरचे तंतू बघत. आयनीभवन आधी थोडं कमी झालं आणि मग वाढतच गेलं, जमिनीवरच्यापेक्षा बरंच जास्त. त्याच वर्षी एप्रिलमधल्या सूर्यग्रहणात त्यांनी उड्डाण केलं होतं, तेव्हा काही घट दिसली नव्हती, म्हणजे ते सूर्याकडून येणारंही नव्हतं. इन्सुलेटरच्या माथी मारलेल्या त्या गळतीत वैश्विक किरणांचाही वाटा होता. उत्तराच्या इतक्या जवळ जाऊन परत आलेल्या विल्सन यांचा विचार मी हेस यांच्याहून जास्त वेळा करते. ते रात्रीचं उपकरण नेणं, गाड्यांची वेळ सांभाळून अंधारात बसणं, सगळं चोख. आणि उत्तर 'नाही'.

तर त्या मुलीला मी पुन्हा बोलावलं आणि उत्तर देण्याऐवजी टोपण लावलेला मीटर दोन-तीन रात्री तसाच रेकॉर्ड करायला सांगितलं, फिल्टर बंद ठेवून. आलेख घेऊन आली तेव्हा तो आमच्या दोघींच्या मधोमध टेबलावर पसरला. एक लांब, संथ चढउतार होता. तिने खोलीचं तापमान शेजारी काढलं होतं आणि दोन्ही रेघा जवळपास हातात हात घालून चालल्या होत्या. ते आतल्या ॲम्प्लिफायरच्या इनपुट करंटचं काम, जो साधारण दर दहा अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. त्याच्यावर पसरलेली बारीक दाट खरखर फीडबॅकच्या रोधाच्या उष्णतेची. ती तिने गणिताने काढून पाहिली होती आणि आकडा बराचसा जुळत होता. मग मध्येच, कसलाही नियम नसलेल्या काही उंच, एकट्या उसळ्या. हवेतल्या रेडॉनमधून किंवा धातूतल्या सूक्ष्म भेसळीतून निघालेला एक अल्फा कण हवेत थांबेपर्यंत सुमारे दीड लाख आयनांच्या जोड्या तयार करतो. तो सगळा भार एका सेकंदात गोळा झाला तर चोवीस फेम्टोअँपिअर. टोपणाखालच्या इवल्या पोकळीत त्याचा काही भाग जरी पडला तरी अशी उसळी दिसते. "या काढून टाकू ना मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, सरासरीतून काढ, पण पुसू नकोस. वेळेसकट वेगळ्या फाईलमध्ये ठेव.

आता हे काम आणखी एका टोकाला गेलं आहे. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या भारावर बसवली आहे, आणि तो भार १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोंब असा कायमचा ठरवून टाकला आहे. त्यामुळे एकेक इलेक्ट्रॉन मोजून पुढे ढकलणारे पंप बनवायची धडपड चालू आहे. निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेल्या चिपवरचं एक सूक्ष्म दार, प्रत्येक ठोक्याला एक इलेक्ट्रॉन. सेकंदाला शंभर कोटी ठोके दिले तरी करंट होतो फक्त १६० पिकोअँपिअर. एखादा ठोका रिकामा तर जात नाही ना, हे बघायला तो करंट दशलक्षात एका भागापेक्षाही बारीक मोजावा लागतो, म्हणजे फेम्टोअँपिअरच्या अंशापर्यंत. त्यासाठी पंप काही वेळ चालू, मग तितकाच वेळ बंद, परत चालू, असं तासन्‌तास करत राहतात, आणि प्रत्येक वेळी चालूतून बंद वजा करतात. रात्रभराच्या मापनातला अर्धा वेळ पंप बंद असतो.